मामाचे धनुष्य किती पौंडांचे?

समजा, कॉलेजात तिरंदाजी केलेला तुमचा मामा वीस वर्षांनी पुन्हा तिकडे वळला. त्याला इंग्लंडच्या पारंपरिक पद्धतीचे लांब लाकडी धनुष्य हवे आहे. पूर्वीइतकेच, ४० पौंडांचे घ्यावे? माझे मत, ३० चे.

दोरी जितकी मागे ओढावी, तितके बल वाढत जाते. कप्पी लावलेल्या आधुनिक धनुष्यात ते शेवटी कमी होते. इथे नेम धरताना सगळा भार बोटांवर आणि पाठीवर! ५६ सेंटिमीटर ओढल्यास ४० पौंडांच्या धनुष्यात सुमारे ५० ज्यूल ऊर्जा साठते, ३० च्यात ३७. बाण थोडा मंद जाईल. हात मात्र थरथरणार नाही.

दुकानात ओढून पाहा. पण बाण न लावता दोरी सोडू नका. बाणाला मिळायची ऊर्जा धनुष्यातच राहते आणि लाकूड तडकू शकते.