स्कीमा पास, नेटवर्क नापास

घरातल्या राउटरमधली इथरनेटची चिप प्रोसेसरला स्वतःहून आपली ओळख सांगत नाही. ती कुठल्या पत्त्यावर बसली आहे, तिची इंटरप्ट लाइन कोणती, क्लॉक कुठून येतो, हे लिनक्स कर्नलला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ते लिहायची जागा म्हणजे डिव्हाइस ट्री. कल्पना जुनी, ओपन फर्मवेअरच्या काळातली. 2011 मध्ये एआरएमच्या कोडमधल्या पसाऱ्यावर लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले आणि त्यानंतर ती एआरएम बोर्डांवर सर्रास आली. ट्रीमध्ये काय लिहायचं याचे नियम, म्हणजे बायंडिंग, तेव्हा साध्या टेक्स्ट फाइलींत असत: माणसानेच वाचायचे आणि माणसानेच चुकवायचे. 2019 पासून हे नियम यॅमल स्कीमांमध्ये यायला लागले, तपासणी यंत्राकडे गेली, आणि त्या तपासणीबद्दलचे गैरसमजही वाढले.

गैरसमज: कर्नल सुरू होताना स्कीमा तपासतो.

नाही. बूटलोडर कर्नलच्या हाती देतो ती कंपाइल झालेली बायनरी, म्हणजे डीटीबी. तिच्यात स्कीमाचा मागमूसही नसतो. तपासणी होते ती डेव्हलपरच्या मशीनवर, पायथनमध्ये लिहिलेल्या डीटी-स्कीमा या साधनाने. ‘डीटी बायंडिंग चेक’ ही कमांड स्कीमा आणि त्यातलं उदाहरण तपासते, ‘डीटीबीएस चेक’ बोर्डांच्या खऱ्या फाइली तपासते. ग्राहकाच्या घरी चुकीची डीटीबी पोहोचलीच, तर तिला अडवायला तिथे कुणी नसतं.

गैरसमज: प्रत्येक नेटवर्क चिपला स्कीमा लागतो.

पीसीआय किंवा यूएसबीवरचं कार्ड आपली ओळख स्वतः देतं, त्यामुळे लॅपटॉपवाल्यांचा या प्रकरणाशी सहसा संबंध येत नाही. प्रश्न असतो तो एसओसीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या मुख्य चिपच्या, पोटातल्या मॅकचा (डेटाच्या फ्रेम हाताळणाऱ्या भागाचा) आणि त्याला जोडलेल्या फायचा (केबलवर सिग्नल पाठवणाऱ्या चिपचा).

गैरसमज: अनोळखी प्रॉपर्टी दिसली की स्कीमा ओरडणारच.

ज्या जेसन स्कीमावर हे सगळं उभं आहे, तो मुळात उदार आहे. नियमांत नसलेलं काही जास्तीचं आलं तरी तो खुशाल येऊ देतो. म्हणजे कुणी ‘फाय-मोड’ (मॅक आणि फाय कसे जोडले आहेत ते सांगणारी प्रॉपर्टी) लिहिताना शेवटचं एक अक्षर गाळलं, तर ती नवी प्रॉपर्टी समजून सोडून दिली जाईल. म्हणून दार मुद्दाम लावून घ्यावं लागतं, आणि नवशिके अडखळतात ते इथेच. ‘अ‍ॅडिशनल-प्रॉपर्टीज: फॉल्स’ लिहिलं की फक्त त्याच फाइलमध्ये नोंदवलेली नावं चालतात. पण इथरनेट चिपचा स्कीमा सहसा ‘इथरनेट-कंट्रोलर’ या सामायिक फाइलचा आधार घेतो, आणि तिथून आलेला फाय-मोड या कुलपामुळे बाहेरच राहतो. अशा ठिकाणी ‘अनइव्हॅल्युएटेड-प्रॉपर्टीज: फॉल्स’ हवं. ते आधाराच्या फाइलींतली नावंही धरतं आणि उरलेल्यांनाच हाकलतं. थोडक्यात, इशारा आला म्हणजे बोर्डाचीच फाइल चुकली असं नाही. कित्येकदा चूक स्कीमात असते.

गैरसमज: तपासणी पास झाली म्हणजे चिप चालणार.

सगळ्यात महागडा गैरसमज हाच. स्कीमा बरंच पकडतो: एमडीआयओवर, म्हणजे मॅक ज्या तारांवरून फायची रजिस्टरं वाचतो-लिहितो त्यांवर, पत्त्याला पाचच बिट असतात, म्हणून फायचा पत्ता 0 ते 31 च्या बाहेर गेला की तो हटकतो. मॅक अ‍ॅड्रेस सहा बाइटांचा नसेल तरी हटकतो. पण खिडकीवरचा कारकून अर्ज नीट भरलाय का एवढंच बघतो, मजकूर खरा आहे का हे नाही.

मॅक आणि फाय यांच्यात डेटा नेणारी आरजीएमआयआय ही जोडणी घ्या. गिगाबिटसाठी दोन्ही दिशांना चार-चार डेटा लाइन, 125 मेगाहर्ट्‌झचा क्लॉक, आणि क्लॉकच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर डेटा. डेटा नीट वाचला जायचा तर क्लॉक सुमारे 2 नॅनोसेकंद मागे हवा. हा उशीर बोर्डावरचा ट्रॅक लांब करून आणता येतो, नाहीतर मॅक किंवा फायच्या आत. फाय-मोडमध्ये ‘आरजीएमआयआय’ लिहिलं तर अर्थ होतो की उशीर बोर्डावरच आहे. ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहिलं तर बोर्डावर नाही, चिपांनी तो घालायचा आहे. स्कीमाच्या यादीत दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे दोन्ही पास. चुकीचा लिहिला तर गंमत बघा: लिंक लागते, दिवा पेटतो, वेग 1000 दिसतो, कारण लिंक फाय स्वतःच जुळवते आणि तिची माहिती एमडीआयओच्या वेगळ्या तारांवरून येते. पिंग मात्र जात नाही.

2019 मध्ये कर्नलच्या 5.1 आवृत्तीत हेच झालं. अ‍ॅथेरॉसच्या फाय चिपा रीसेटनंतर एक उशीर आपणहून चालू ठेवायच्या. ट्रीमध्ये ‘आरजीएमआयआय’ असलं तरी ड्रायव्हर तो बंद करत नसे, आणि चुकीच्या ट्रीवर बोर्ड सुखाने चालत होते. ड्रायव्हर लिहिलेल्या शब्दाला जागायला लागला आणि त्यातल्या काही बोर्डांचं नेटवर्क गेलं. ड्रायव्हर बरोबर होता, ट्री चूक होती, आणि कुठल्याही स्कीमाने ती चूक दाखवली नसती.

गैरसमज: बायंडिंग म्हणजे लिनक्स ड्रायव्हरची सेटिंग.

ते हार्डवेअरचं वर्णन आहे. त्याच फाइली यू-बूटही वापरतो. शिवाय जुनी डीटीबी नव्या कर्नलवर चालावी अशी अपेक्षा असते, म्हणून एकदा स्वीकारलेलं नाव सहजी बदलता येत नाही. “ड्रायव्हरला सोयीचं पडतं” हे कारण रिव्ह्यूमध्ये टिकत नाही, आणि टिकूही नये.

तेव्हा पॅच पाठवण्याआधी दोन्ही तपासण्या चालवाच. पण फाय-मोडची ओळ लिहिताना बोर्डाचा लेआउट केलेल्या माणसाला विचारा, क्लॉकचा ट्रॅक मुद्दाम लांब केला आहे का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं येतं. मग ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहा.