पडद्यावरील घड्याळ आणि टायमर

संगणकाच्या पडद्यावर परीक्षेचा उरलेला वेळ दाखविणारें घड्याळ आहे, असें श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. त्यांतील आंकडा दर सेकंदाला बदलला पाहिजे. आणि त्याच वेळीं परीक्षार्थ्यानें बटण दाबलें, तर तेंही चाललें पाहिजे. हीं दोन्ही कामें एकाच खिडकीनें कशीं साधावयाचीं?

पायथन भाषेंत खिडक्या व बटणें उभारण्यासाठीं टी-के-इंटर हें साधन आहे. तें ज्या टी-के संचावर आधारलेलें आहे, तो जॉन ऑस्टरहाउट यांनीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत असतांना रचला व १९९१ सालीं तो लोकांपुढें आला. ह्या संचाची रीत एकट्या कारकुनासारखी आहे. त्याच्यापुढें अर्जांची रांग असते; एक अर्ज निकालांत काढल्यावरच तो दुसरा हातीं घेतो. बटण दाबणें हा एक अर्ज, खिडकी पुन्हां रंगविणें हा दुसरा. ह्या अखंड क्रमास इव्हेंट लूप म्हणतात.

नवशिका माणूस येथें ‘स्लीप’ ही आज्ञा देऊन सेकंदभर थांबूं पाहतो. परंतु त्यामुळें कारकूनच झोपीं जातो आणि खिडकी निश्चेष्ट होते. योग्य आज्ञा ‘आफ्टर’ ही होय. तिला १००० हा आंकडा व फंक्शनचें नांव दिलें, कीं तितक्या मिलिसेकंदांनंतर तें काम करण्याची नोंद होते व कारकून मोकळा राहतो. ही नोंद एकदांच फळते. म्हणून काम पुनःपुन्हां हवें असल्यास त्या फंक्शननेंच पुढची नोंद करावी. नोंद रद्द करण्यास ‘आफ्टर_कॅन्सल’ आहे.

मात्र ‘आफ्टर’चें वचन ‘त्यापूर्वीं नाहीं’ एवढेंच आहे; ‘नेमकें त्याच क्षणीं’ असें नाहीं. कारकून दुसऱ्या अर्जांत गुंतला असेल, तर नोंद ताटकळते. प्रत्येक फेरीस अवघे १० मिलिसेकंद उशीर झाला, तरी फेऱ्या मोजून चालणारें घड्याळ ३६०० फेऱ्यांत ३६ सेकंद मागें पडतें. एका परीक्षार्थ्यास तेवढा वेळ अधिक मिळणें हा दुसऱ्यावर अन्याय होय. यास्तव फेऱ्या मोजूं नयेत. आरंभींची वेळ टिपून ठेवावी, आणि प्रत्येक फेरींत पायथनचें ‘मोनोटॉनिक’ घड्याळ पाहून उरलेला वेळ काढावा. संगणकाची तारीखवेळ कोणीं बदलली, तरी हें घड्याळ मागें जात नाहीं. तसेंच दीर्घ काम एका फेरींत उरकूं नये. त्याचे लहान भाग करून ते एकेका फेरीस वांटून द्यावेत, म्हणजे रांग वाहती राहते.