होडीचें नांव बदलावें काय ?

ऐरोलीच्या खाडीकांठीं भरतीच्या वेळीं उभें राहिलें म्हणजे नांगरलेल्या होड्यांवर रंगविलेलीं नांवें वाचण्याचा मोह होतो. कोठें कुलदेवतेचें नांव, कोठें आईचें, कोठें लेकीचें. क्वचित् नव्या रंगाखालून जुनीं अक्षरें पुसट डोकावतात आणि मनांत येतें कीं, होडीचा धनी बदलला हें ठीक. परंतु तिचें नांव बदलतांना त्याचा हात क्षणभर कांपला नसेल काय? मराठींत नाव आणि नांव यांच्यांत एका अनुस्वाराचें काय तें अंतर. खलाशाच्या मनांत तर तेवढेंही नसतें.

युरोपांतील दर्यावर्दी लोकांचा समज असा कीं, समुद्राच्या देवापाशीं एक वही आहे व तींत प्रत्येक जहाजाचें नांव नोंदलेलें आहे. त्याला न कळवितां नांव बदलणें म्हणजे त्याला फसविणें. म्हणून जुनें नांव रोजनिशींतून, वल्ह्यांवरून, पार जीवरक्षक कड्यांवरूनही खरवडून काढावयाचें, देवाला मद्य अर्पण करावयाचें आणि मगच नवें नांव उच्चारावयाचें. इंग्लंडांतील कालव्यांवरच्या लांबट, अरुंद नावांचे मालक आणखी एक नियम सांगतात : नाव पाण्यांत असतां तिचें नांव बदलूं नये, कांठावर ओढून घेऊनच बदलावें.

आमच्या घरांतला समज याच्या अगदीं उलट. मुलें जगत नसलीं म्हणजे पुढच्या मुलाचें नांव दगडू किंवा धोंडू ठेवीत. काळाची दृष्टि चुकावी हा हेतु. नव्या सुनेचें नांव तर तबकांतल्या तांदुळांवर अंगठीनें लिहून बदलीत, आणि त्यांत कोणास अशुभ वाटत नसे.

मग जहाजांचा अनुभव काय सांगतो ? ‘वैतरणा’ नांवाची आगबोट कच्छांतील मांडवीहून मुंबईस येतांना नोव्हेंबर १८८८ मध्यें वादळांत शेंकडों उतारूंसह नाहींशी झाली. यमलोकींच्या नदीचें नांव बोटीला दिलें, मग दुसरें काय होणार, असें म्हणणारे निघालेच असतील. पण तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळें लोकांनीं तिला ‘वीजळी’ हें दुसरें नांव कधींच देऊन टाकलें होतें. तेंही उपयोगी पडलें नाहीं. उलट ‘रामदास’ हें नांव किती मंगल ! तरी त्या नांवाची बोट १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला जातांना तुफानांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं.

नांव बदलूनही तरलेल्या जहाजाचें उत्तम उदाहरण मुंबईचेंच आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं मलबारी सागवानाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ सालीं मुंबईच्या गोदींतून पाण्यांत उतरली. १८९७ मध्यें ती मोडींत निघाली होती. परंतु एका गृहस्थानें ती विकत घेऊन तिला ‘फूद्रोयाँ’ हें नांव दिलें. गंमत अशी कीं, हें नांव त्याच्या त्याच वर्षीं फुटलेल्या जहाजाचें होतें ! बुडालेल्याचें नांव तरत्याला देणें याहून मोठें अपशकुनाचें कृत्य कोणतें ? पण ती नौका त्या नांवानें सुमारें नव्वद वर्षें तरली, मुलांना खलाशीपणा शिकवीत राहिली, १९९२ सालीं तिला पुन्हां ‘त्रिंकोमाली’ म्हणूं लागले, आणि आजही ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर आहे. तिला राखिलें तें सागवानानें. आपल्या आरमाराची पहिली ‘विक्रांत’ देखील मुळांत ब्रिटिशांची ‘हर्क्युलीस’ होती.

तथापि या समजुतींत एक व्यवहाराचा कण आहे. जहाजाची अब्रू त्याच्या नांवाशीं बांधलेली असते. कुजक्या तळाचें किंवा कर्जांत बुडालेलें जहाज नवें नांव लावून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधणें सोपें. म्हणूनच १८९४ च्या ब्रिटिश कायद्यानें परवानगीवांचून नोंदलेलें नांव बदलण्यास मनाई केली, आणि १९५८ च्या भारतीय कायद्यांतही तसेंच बंधन आलें. कालव्यावरच्या त्या नियमाचाही उलगडा येथेंच होतो, असें मला वाटतें. नाव कांठावर ओढली म्हणजे तिचा तळ उघडा पडतो आणि पाण्यानें झांकलेलें सारें दिसूं लागतें.

आमच्या कोंकण किनाऱ्यावर हें काम पावसाळाच करवितो. जून-जुलैंत यांत्रिक नौकांना समुद्रांत मासेमारीची बंदी. होड्या कांठावर येतात, फटी बुजतात, रंग चढतो, आणि नारळी पौर्णिमेला झेंडूच्या माळांनीं सजून त्या पुन्हां दर्याकडे पाहूं लागतात. ठाण्याच्या खाडींत मासळी पूर्वीसारखी राहिली नाहीं. पण खाडीचा एक भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला, आणि ते पक्षी पाहण्यासाठीं ऐरोलीहून होड्या सुटूं लागल्या. होडीचा धंदाच बदलला, तर धन्याला नवें नांव सुचावें यांत नवल नाहीं.

घरची पुंजी मोडून जुनी होडी घेणाऱ्यानें मात्र आधीं तिचे जुने कागद आणि जुनें नांव मागून घ्यावें, त्या नांवानें चार शेजाऱ्यांकडे चौकशी करावी, आणि फळी-फळी ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आला तर चाकूचें टोंक रुतवून पाहावें. लांकूड खणखणीत निघालें म्हणजे नारळ फोडावा आणि रंगाऱ्याला डबा उघडावयास सांगावें.