गुंजीच्या पुढचा रस्ता

पुण्याहून बेळगावपर्यंतचा साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा महामार्ग चपळ गाडीला काहीच विचारत नाही. सरळ रस्ता, मोठे पूल, बाजूला उसाची शेतं. अशा रस्त्यावर साधी गाडीही तेवढीच धावते, आणि कायद्याने चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरचीच मुभा आहे. मग दीडशे अश्वशक्तीचं इंजिन, रुंद टायर आणि कडक सस्पेन्शन यांसाठी मोजलेले पैसे वसूल कुठे होतात? माझं उत्तर ठरलेलं आहे. बेळगावहून गोव्याकडे वळायचं, खानापूर ओलांडायचं आणि गुंजी मागे टाकायची. तिथून पुढे लोंढा, रामनगर, अनमोड, मोलेम असा जो रस्ता जातो, त्याच्यावर अशा गाडीचा अंगचा गुण ताशी ४० ते ६० च्या वेगात दिसतो. त्याहून जास्त वेग तिथे लागतही नाही आणि शोभतही नाही.

आपल्या भागाला अशा गाड्यांचं कौतुक जुनं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार गोव्यात तयार होत असे. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या हिशेबाने ही ताकद काहीच नाही, पण गाडी हलकी आणि बुटकी असल्याने वळणावर तिची मजा होती. आज चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया दीड लिटरच्या टर्बो इंजिनावर १५० अश्वशक्ती देतात. डिकीत घरच्यांच्या बॅगा मावतात, जमिनीपासूनची उंचीही बरी असते. लांबच्या प्रवासाला हाच प्रकार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

निपाणीपासून सुरुवात करू. दिवाळी झाली की या पट्ट्यात ऊसतोडीचा हंगाम लागतो. संकेश्वरचा हिरण्यकेशी साखर कारखाना आणि आसपासचे इतर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर आलेला ऊस आणि मागे बहुधा ना दिवा, ना रिफ्लेक्टर. रात्री वेगात येणाऱ्या गाडीला ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायलाही वेळ उरलेला नसतो. म्हणून तवंदी घाट ते बेळगाव हा टप्पा उजेडातच पार करावा. याच महामार्गावर १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही जण प्राणाला मुकले. निपाणीवरून जाताना मला दर वेळी ते आठवतं. हा रस्ता आधी त्या शेतकऱ्यांचा आहे, मग आपल्यासारख्या फिरायला निघालेल्यांचा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोव्याचा रस्ता धरला की गणेबैलचा टोलनाका, मग मलप्रभेच्या काठचं खानापूर. मातीच्या कौलांसाठी हे गाव प्रसिद्ध. गुंजी त्याच्या पुढे, लोंढ्याच्या अलीकडे. मिरज-लोंढा लोहमार्गावर गावाचं छोटं स्टेशन आहे. माउली देवीचं देऊळ हे गावाचं खरं ठिकाण. खानापूर तालुक्यातल्या आणि बाहेरच्याही कितीतरी मराठी घरांची तिच्यावर श्रद्धा आहे. तिथे थांबावं. दर्शन घ्यावं, आणि देवळातून परत आल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारावी. चारही टायर डोळ्यांनी पाहावेत, हवा मोजावी, पुढच्या बंपरची खालची कड हाताने चाचपावी. इथून पुढे जंगल दाट होतं आणि पंक्चरवाला सहज हाताशी सापडत नाही.

टायरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण चपळ गाडीचा प्रवास बहुतेक वेळा टायरपाशीच अडतो. टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, सुमारे ११३ मिलिमीटर. हौसेने मोठं अलॉय बसवून २२५/४० आर १८ केलं, तर ती भिंत ९० मिलिमीटरवर येते. दिसायला गाडी देखणी होते, वळणावर स्टिअरिंगला पटकन प्रतिसादही देते, पण पावसाळ्याने उखडलेल्या कडेवर आपटली की रबर दबायला जागाच राहत नाही. भिंतीला फुगा येतो किंवा रिम वाकते. भिंतीला आलेल्या फुग्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. खानापूर-लोंढा पट्ट्यात रुंदीकरणाचं काम अनेक वर्षं रखडत चाललं. त्यामुळे निघण्याआधी रस्त्याची ताजी खबर काढावी आणि टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच ठेवावेत. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते, हेही लक्षात असू द्या.

दुसरी अडचण गतिरोधकाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं आहे. गावोगावचे गतिरोधक या मापाचे नसतात. ते अरुंद आणि उंच असतात. बुटकी गाडी त्यावर सरळ नेली की पोट घासतं. तिरकी घ्यावी, एकेक चाक चढवावं आणि नेमक्या त्या क्षणी ब्रेक सोडावा, कारण ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली झुकतं. चारजण बसलेले असतील तर दोघांना उतरवण्यात कमीपणा नाही.

लोंढ्यानंतर आपण उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरतो. काळी नदीवरच्या सुपा धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची वस्ती असलेलं रामनगर लागतं, आणि तिथून अनमोडकडे रस्ता जंगलातून वळत जातो. इथे गाडी बोलू लागते. वळणाच्या आधी, चाकं सरळ असतानाच ब्रेक लावायचा. गाडीचं वजन पुढच्या टायरांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. मग ब्रेक हळू सोडत स्टिअरिंग वळवायचं, मधल्या भागात ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा आणि पुढचा रस्ता उघडा दिसला की मगच पाय दाबायचा. हे जमलं की पोटातलं पाणी हलत नाही, मागे बसलेल्यांना मळमळत नाही, आणि तरीही गाडी चालवणाऱ्याला त्या कडक सस्पेन्शनचा अर्थ कळतो. मोह होतो तो वेग वाढवायचा. तेव्हा एक हिशेब मनात ठेवावा: वळणावर टायरवर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० चे ६० केले, तर वेग दीडपट होतो, ताण सव्वादोन पट. ओल्या पानांचा किंवा मातीचा थर असेल तर तेवढी पकड मिळतच नाही.

अनमोड ते मोलेम हा उतार पाचशे मीटरच्या आसपासचा. तेराशे किलोंची गाडी एवढं खाली आणताना जी उष्णता तयार होते, ती सगळी ब्रेकनी पचवली तर तेवढ्यात जवळजवळ वीस लिटर पाणी उकळेल. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायचं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं, पण ओलावा शिरलेल्या जुन्याची खालची हद्द १५५ अंश. ते उकळलं की पॅडल मऊ पडतं आणि पायाखाली काहीच लागत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. चढताना उलटी काळजी: कोरड्या ड्युअल क्लचची गाडी ट्रकच्या मागे इंच इंच सरकवत ठेवली तर क्लच तापतो. थोडं अंतर सोडावं, मग एकदम पुढे जावं. आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा घाटाचा शिरस्ता नियमातही आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत भारतीय सैन्याच्या ६३ व्या ब्रिगेडने पूर्वेच्या याच अंगाने मोलेम गाठलं आणि पुढे फोंड्याकडे कूच केलं. मोलेमजवळ महावीर अभयारण्य आहे, आणि आत तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, काळ्या बेसाल्ट दगडात कोरलेलं. गोव्यातली इतकी जुनी देवळं फार थोडी उरली आहेत. छताचं मधलं कमळ पाहायला वेळ राखून ठेवावा.

परतताना साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढून कणकुंबीला यावं. मलप्रभेचा उगम इथेच आहे. पुढे जांबोटी, आणि मग बेळगाव. हा रस्ता अरुंद, त्यामुळे समोरून येणाऱ्याला हॉर्न देऊनच वळण घ्यावं. याच वाटेजवळचं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालं. खानापूर तालुक्यातलं हे जंगल गव्यांचं आहे. एक गवा आडवा गेला की पाय ब्रेकवरून उचलायचा नाही, मागून कळपातले आणखी येतात. हॉर्न वाजवून त्यांना बुजवू नये आणि फोटोसाठी खाली उतरू नये. संध्याकाळनंतर चोर्ल्यात चपळ गाडीचा काहीच उपयोग नाही, म्हणून बेळगावहून पहाटे निघावं आणि दिवस मावळायच्या आत परत यावं. पेट्रोलची टाकी बेळगावातच भरून घ्यावी. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागणाऱ्या इंजिनांना ते जंगलातल्या पंपावर मिळेलच असं नाही. आणि निघताना बेळगावचा कुंदा घ्यायचा असेल, तर तो सकाळी नव्हे, परतीच्या वाटेवर घ्यावा. दिवसभर तापलेल्या गाडीत खव्याचा पदार्थ टिकत नाही.