दिल्लीचा कचरा: मालकी महापालिकेची, निवड वेचकांची

केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाने जानेवारी २०२६ मध्ये घनकचरा व्यवस्थापनाची नवी नियमावली अधिसूचित केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित केली. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीने हाताळावयाचा अशा चार प्रकारांत कचरा घरातच वेगळा करणे या नियमावलीने बंधनकारक केले आहे. यापूर्वीची नियमावली २०१६ ची होती आणि त्याआधीची २००० ची. राजधानी दिल्लीत कचऱ्याच्या नियमांची वाण कधीच नव्हती. मात्र टाकून दिलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेथे प्रत्येक नियमावलीच्या वेळी नव्याने उभा राहिला आहे.

दिल्ली महानगरपालिका अधिनियम, १९५७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिलेले आहे. सार्वजनिक कचरापेटीत अथवा नेमून दिलेल्या जागी टाकलेला कचरा ही महापालिकेची मालमत्ता होय. त्या जागेपर्यंत कचरा नेण्याची जबाबदारी घरमालकाची अथवा भाडेकरूची आणि तेथून तो उचलण्याची महापालिकेची, अशी विभागणी या कायद्याने केली. दिल्लीत या जागेला ‘ढलाव’ म्हणतात. मुंबई-पुण्याची कचराकुंडी डोळ्यांसमोर आणली तर ढलावाची कल्पना येणार नाही. तीन बाजूंनी भिंती आणि वर छप्पर असलेली ती एक लहानशी इमारतच असते. घराचा उंबरठा ते ढलाव हे अंतर मात्र अनेक वर्षे कागदोपत्री नागरिकाचे आणि प्रत्यक्षात खासगी सफाई कामगारांचे व कचरावेचकांचे राहिले.

पुनर्वापराची खरी व्यवस्था याच अंतरात उभी राहिली. वेचक घरोघरचा कचरा हातगाडीवर आणतो, ढलावात बसून कागद, पुठ्ठा, बाटल्या, धातू वेगळे करतो आणि कबाड्याला विकतो. मराठी मुलखात ज्याला भंगारवाला म्हणतात तोच दिल्लीचा कबाडी. त्याच्याकडून माल एकाच जिनसाचा व्यवहार करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याकडे जातो. या साखळीतील पहिल्या माणसाला महापालिका वेतन देत नाही. कायद्याचा काटेकोर अर्थ लावला तर ढलावातील बाटली उचलणारा माणूस महापालिकेच्या मालमत्तेलाच हात लावत असतो! त्याच्या श्रमामुळे वाहतुकीचा जो खर्च वाचतो, त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

शहरांतील कचऱ्याबाबत अभियंता अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि त्यातूनच २००० ची देशव्यापी नियमावली आकारास आली. त्यानंतर २००५ मध्ये दिल्ली महापालिकेने आपल्या १२ पैकी सहा विभागांत ढलावातून कचरा उचलून वाहून नेण्याचे काम खासगी कंपन्यांकडे सोपविले. मोबदला वजनावर, म्हणजे प्रति टन ठरविण्यात आला.

ही अट दिसते साधी. परंतु तिचे परिणाम दूरगामी ठरले. वजनावर पैसे मिळत असतील तर वेचकाने काढून घेतलेला प्रत्येक किलो कंत्राटदाराच्या देयकातून वजा होतो. ओला कचरा जड असतो, त्यात राडारोडा मिसळला तर तो आणखी जड होतो. म्हणजेच नियमावली वर्गीकरण करावयास सांगते आणि करारातील दर मिश्र कचऱ्याला बक्षीस देतो. पुढील काळात अनेक ढलाव बंद करून तेथे कचरा दाबून भरणारी यंत्रे बसविण्यात आली. रस्ते त्यामुळे स्वच्छ दिसू लागले हे मान्य करावयास हवे. परंतु वेचकाची बसण्याची जागाही त्याबरोबर गेली.

२०१६ च्या नियमावलीने वेचकांना प्रथमच नियमांच्या चौकटीत स्थान दिले. त्यांची नोंदणी करून त्यांना संकलनाच्या व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकण्यात आले. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणारी हॉटेले, वसाहती आणि संस्था यांची स्वतंत्र जबाबदारी निश्चित झाली. त्यास अनुसरून दिल्लीने जानेवारी २०१८ मध्ये उपविधी अधिसूचित केले आणि सेवाशुल्काचे दर ठरविले: ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा ५० रुपये, २०० चौरस मीटरपर्यंत १०० रुपये आणि त्याहून मोठ्या घराला २०० रुपये. हे शुल्क अनेक वर्षे बव्हंशी कागदावरच राहिले. २०२५ मध्ये महापालिकेने ते मालमत्ता कराबरोबर घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा रहिवाशांनी आणि नगरसेवकांनी कडाडून विरोध केला व वसुली थांबवावी लागली. वेचकाला अथवा खासगी सफाई कामगाराला दरमहा पैसे देणाऱ्या घरांना एकाच कामासाठी दोनदा पैसे का द्यावेत, हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते.

कचरा जाळून वीज निर्माण करण्याचा मार्ग दिल्लीने फार पूर्वी चोखाळला होता. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने तिमारपूर येथे दररोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारण्यात आला. कचऱ्याचे ज्वलनमूल्य इतके कमी निघाले की तो अल्पावधीत बंद पडला. कागद आणि प्लॅस्टिक वेचकांनी आधीच काढून घेतलेले, उरल्या त्या भाज्यांच्या साली आणि माती; त्या पेटणार कशा? आज ओखला, गाझीपूर, नरेला-बवाना आणि २०२२ मध्ये सुरू झालेला तेहखंड असे प्रकल्प दिल्लीत आहेत. त्यांच्या भट्टीला जे लागते, तेच वेचकाच्या पोटालाही लागते. ओखल्याच्या प्रकल्पाविरुद्ध शेजारच्या सुखदेव विहारमधील रहिवासी धुराच्या तक्रारी घेऊन न्यायालयात गेले, तो वाद निराळाच.

ज्या कचऱ्याची निवड होत नाही आणि जो जळतही नाही, त्याचे पर्यवसान गाझीपूर, भलस्वा आणि ओखला येथील कचऱ्याच्या डोंगरांत झाले आहे. गाझीपूरची कचराभूमी १९८४ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता २००२ मध्येच संपली होती, तरीही गाड्या येत राहिल्या. १ सप्टेंबर २०१७ रोजी या डोंगराचा एक भाग कोसळला, रस्त्यावरील वाहने शेजारच्या कालव्यात ढकलली गेली आणि दोघांचा मृत्यू झाला. तेथे कचरा टाकण्यास बंदी घालण्यात आली आणि पर्याय म्हणून रानी खेडा या गावाची जागा पुढे आली. ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि गाड्या पुन्हा गाझीपूरकडे वळल्या. २०१९ पर्यंत डोंगराची उंची ६५ मीटरच्या घरात गेली. कुतुबमिनार ७३ मीटर उंच आहे.

तिन्ही ठिकाणचा जुना कचरा खणून, चाळून हटविण्याचे काम राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ मधील आदेशानंतर सुरू झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये लवादाने दिल्ली सरकारला ९०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई भरण्यास सांगितले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार राजधानीत दररोज ११,००० टन कचरा निर्माण होत होता आणि प्रक्रिया क्षमता ८,०७३ टनांची होती. उरलेल्या सुमारे ३,००० टनांची भर दररोज कचराभूमीवर पडत होती. म्हणजे एका बाजूने डोंगर पोखरला जात होता आणि दुसऱ्या बाजूने रचला जात होता.

मालकीचा हाच प्रश्न पुण्याने निराळ्या प्रकारे हाताळला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या पुढाकाराने ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. वेचक दारातून कचरा घेतात, सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न त्यांचेच असते आणि उर्वरित कचरा ते महापालिकेच्या गाडीत देतात. ही व्यवस्थाही निर्वेध चालली असे नाही. २०२० मध्ये कराराची मुदत संपल्यावर मुदतवाढीवरून बराच वाद झाला. तथापि दिल्लीत २०२५ मध्ये ज्या मासिक शुल्कावरून वसुली थांबली, तसेच शुल्क पुण्यात रहिवासी महिन्याच्या महिन्याला थेट वेचकाच्या हाती देतात.