बी.एस्सी. झाली म्हणजे विज्ञानाची बाई होईलच?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीच्या बी.एड.साठी कर्ज मागितलं. मुलगी बी.एस्सी., म्हणजे हायस्कुलात विज्ञान शिकवणार, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. गुणपत्रिका पाहिली तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. तीन वर्षांत रसायनशास्त्र नाही, प्राणीशास्त्र नाही. बी.एड.ला अध्यापन पद्धती निवडावी लागते, म्हणजे शाळेतला कोणता विषय शिकवायला शिकणार ते. ती पदवीच्या विषयांवरून मिळते. चौकशीला गेल्यावर तिला सांगितलं, गणित मिळेल, विज्ञान नाही. पोरगी रडकुंडीला आली.

तेव्हा आधी ठरवा, कोणत्या वर्गाला शिकवायचंय.

पहिली ते पाचवीला बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं, ज्याला आपण अजून डी.एड.च म्हणतो. इथे बी.एड. चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं. सहावी ते आठवीला पदवी, प्रशिक्षण आणि टीईटीचा दुसरा पेपर. तो 150 गुणांचा असतो, त्यात गणित-विज्ञान घेतलं तर 60 गुण त्याचे. नववी-दहावीला बी.एस्सी., बी.एड. अकरावी-बारावीला त्याच विषयातलं एम.एस्सी. आणि वर बी.एड. पुष्कळ मुली एम.एस्सी. करून थांबतात आणि ज्युनिअर कॉलेजच्या जाहिरातीत बी.एड. वाचून कपाळाला हात लावतात. सीनिअर कॉलेजचं वेगळं, तिथे बी.एड. नको, पण नेट किंवा सेट लागते.

खरा निर्णय मात्र अकरावीच्या फॉर्मवरच होतो. जवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा आहे म्हणून मुलीला तिथे घातलं, की बी.एस्सी.चं दार बंद. मी स्वतः अशीच बी.ए. झाले. एसटीचा पास काढून तालुक्याला पाठवा, पण विज्ञान हवं असेल तर विज्ञानच द्या. पुढे बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, गणित किंवा रसायन, वनस्पती, प्राणी असे शाळेत शिकवले जाणारे विषय घ्यावेत. नाव नवं नि चकचकीत आहे म्हणून भुलू नये.

बी.एस्सी. तीन आणि बी.एड. दोन, अशी पाच वर्षं जातात. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांत बी.एस्सी.-बी.एड. एकत्रही करता येतं. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत तसा अभ्यासक्रम आहे आणि आपलं महाराष्ट्र तिच्याच विभागात येतं. लांब आहे खरं, पण विचार करायला काय हरकत आहे?

आता दलालांबद्दल. ‘घरबसल्या बी.एड., हजेरी नको’ असं कोणी म्हटलं तर पैसे देऊ नका. बी.एड.ला प्रत्यक्ष शाळेतच 20 आठवडे काढावे लागतात. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे, पण ते नोकरीतल्या, आधीच प्रशिक्षण झालेल्या शिक्षकांसाठी. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी पाहा. आणि टीईटी पास म्हणजे नोकरी नव्हे. पुढे टेट नावाची वेगळी परीक्षा आणि पवित्र पोर्टल आहेच.

त्या ताईंना आम्ही कर्ज दिलं, दोन हप्त्यांत, दुसरा प्रवेशाची पावती पाहून. मुलगी गणित पद्धती घेतेय. तिची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिचा अकरावीचा फॉर्म भरायला मी सोबत जाणार आहे.