पेटी बदलण्याआधी तार मोजा
जड यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक बिघाड आणि आपले कारागीर

आमचा धंदा कापडाचा. माती खोदणाऱ्या यंत्रांविषयी आम्ही लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या ओळखीतल्या कित्येक घरांतील तरुणांनी माग विकून, वर कर्ज काढून पोकलेन आणि बॅकहो घेतले आहेत. ही यंत्रे दुरुस्त करणारे वायरमन, फिटर, वेल्डर हेही बहुतेक आपल्याच बिरादरीतले. तेव्हा या धंद्यातला नफा-तोटा हा आपल्याच घरातला नफा-तोटा आहे.

आमच्या भाच्याने जुने खोदयंत्र विकत घेतले. तळ्याच्या कामावर असताना एके दिवशी त्याचे इंजिन सुरू होई, पण रेस घेईना. स्लोवरच राही. पडद्यावर एकामागून एक कोड येऊ लागले. आलेल्या मेकॅनिकने कोड वाचला आणि सांगितले, “इंजिनची ई.सी.एम. पेटी गेली.” भाच्याने उसनवारी करून पेटी आणली, तिच्यात प्रोग्रॅम भरून घेतला. बिघाड जसाच्या तसा! प्रोग्रॅम भरलेली पेटी दुकानदार परत घेत नाही. यंत्र अकरा दिवस उभे राहिले. बँकेचा हप्ता चालू, ऑपरेटरचा पगार चालू, काम मात्र बंद.

शेवटी एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले, मग बॅटरीचा मेन स्विच बंद केला आणि मल्टिमीटर काढला. तासाभरात त्यांनी दोष दाखवला. केबिनच्या मागे पत्र्याच्या भोकातून वायरिंग जाते, तिथले रबरी ग्रोमेट निघून गेले होते. पत्र्याच्या धारेने एक बारीक हिरवी तार कापली होती आणि पाणी शिरून आतले तांबे सडले होते. दुरुस्तीचा खर्च काही शे रुपये.

दोन तारांचा ताणा-बाणा

जुन्या यंत्रात प्रत्येक कामाला वेगळी तार असे. आता इंजिनची पेटी, हायड्रॉलिकची पेटी, केबिनमधला पडदा या सगळ्या दोनच तारांवरून एकमेकींशी बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये ती जगापुढे मांडली. जड वाहनांत आणि बांधकाम यंत्रांत तिचा जो नियम चालतो त्याला जे-१९३९ असे नाव आहे. मोठ्या यंत्रांत हे पूर्वीपासून होते. आपल्या देशात १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचा चौथा टप्पा लागू झाला, तेव्हापासून बॅकहोसारख्या यंत्रांतही इलेक्ट्रॉनिक इंजिने सर्रास दिसतात.

या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. पीळ असल्याने बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पेट्या दोघींतला फरकच वाचत असल्याने निरोप बिघडत नाही. जे-१९३९ मध्ये साधारणपणे पिवळी तार म्हणजे कॅन-हाय आणि हिरवी म्हणजे कॅन-लो. तरी कंपनीचा नकाशा पाहिल्याशिवाय रंगावर भरवसा ठेवू नये. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. काही यंत्रांत तो पेटीच्या आतच बसवलेला असतो.

भाच्याच्या यंत्रात इंजिन ठीक होते, पेटीही ठीक होती. रेस वाढवण्याचा हुकूम दुसऱ्या पेटीकडून यायचा, तो वाटेतच अडकत होता. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. म्हणून कोणी माग बदलत नाही, तुटलेला धागा शोधतो. इथेही हिशेब तोच आहे.

मीटर काय सांगतो?

प्रथम बॅटरी, अर्थ आणि फ्यूज तपासावेत. बॅटरी कमजोर असेल तर सगळ्याच पेट्या खोटे बोलतात. नंतर कोड नीट वाचावा. “अमुक पेटीचा निरोप येत नाही” असा कोड दिसला तर तक्रार करणारी पेटी आजारी नसते, गप्प बसलेली पेटी शोधायची असते. सगळ्या पेट्या एकाच पेटीबद्दल तक्रार करत असतील तर त्या पेटीचा करंट, अर्थ आणि कनेक्टर पाहावा. सगळ्याच एकमेकींबद्दल ओरडत असतील तर दोष बहुधा सामाईक तारेत किंवा करंटमध्ये असतो.

मग मेन स्विच बंद करून, पेट्या शांत झाल्यावर, दोन तारांमधला ओहम मोजावा. नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये यासाठी सी आणि डी या पिना असतात. ६० ओहम आले तर दोन्ही टोके जुळलेली आहेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे किंवा एक रेझिस्टर नाही. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडला आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. चालू यंत्रात ओहम मोजू नये, आकडा चुकीचा येतो.

त्या इलेक्ट्रिशियनना एका टोकाला १२० मिळाले, दुसऱ्या टोकालाही १२०. म्हणजे दोन्ही रेझिस्टर शाबूत आणि दोष मधल्या वाटेत. मग एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. पिवळी अखंड निघाली, हिरवी तुटलेली. पेटी बदलण्याचा प्रश्नच उरला नाही!

चावी चालू करून प्रत्येक तारेचा अर्थशी व्होल्टेजही पाहावा. पिवळीवर अडीच व्होल्टपेक्षा थोडे जास्त आणि हिरवीवर थोडे कमी, दोन्हींची बेरीज सुमारे पाच. एखाद्या तारेवर शून्य आले तर ती अर्थला लागली आहे, १२ किंवा २४ आले तर बॅटरीला. तारा चिकटलेल्या असतील तर मेन स्विच बंद ठेवून एकेक पेटीचा कनेक्टर काढत जावा. जो काढल्यावर आकडा सुधारतो, दोष त्याच बाजूला.

या चुका टाळा

तपासताना तारेच्या आवरणाला सुई टोचू नये. त्या भोकातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी नवा बिघाड उभा राहतो. सांधलेल्या तारेला पुन्हा पीळ द्यावा, जोड क्रिंप करून त्यावर हीट श्रिंक चढवावी. नुसती चिकटपट्टी पुरत नाही. वेल्डर बांधवांनी बकेटला टाका मारण्यापूर्वी बॅटरी आणि पेट्यांचे कनेक्टर सोडवावेत, अर्थचा चिमटा टाक्याजवळच लावावा. प्रेशरचे पाणी कनेक्टरवर मारू नये.

वरील हत्यार म्हणजे एक साधा मल्टिमीटर. एका पेटीच्या किमतीत असे कित्येक मीटर येतील. खरी उणीव आहे ती नकाशा वाचण्याच्या सवयीची. आपले उस्ताद इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगत, तो हुनर मोठाच होता. पण तारेतला निरोप कानाला ऐकू येत नाही. शागिर्द पोरांना गॅरेजबरोबर आय.टी.आय.मधला मेकॅनिक डिझेल किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रमही करू द्यावा. प्रत्येक शहरातल्या गॅरेजवाल्यांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसून एक वायरिंग नकाशा उलगडला, तरी वर्षाकाठी बारा यंत्रे समजतील.

एक गोष्ट आम्ही व्यापारी म्हणून सांगतो. आम्ही कापड मोजताना गज आखूड ठेवला तर ते पाप आहे हे लहान पोरालाही कळते. कुरआनची एक सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांच्याच नावाने ओळखली जाते. न मोजता “पेटी गेली” असे सांगून गिऱ्हाइकाला खर्चात घालणे हेही माप मारणेच आहे, मग ते लबाडीने असो वा अज्ञानाने. ज्या कारागिराने भाच्याची तार जोडली, त्यांनी आपली मजुरी सांगितली तेवढीच घेतली. आज त्या भागातला कोणताही यंत्रमालक पहिला फोन त्यांनाच करतो. हलाल रोजीचा याहून चांगला जाहीरनामा आम्हाला ठाऊक नाही.